कारंज्यावर भरलेल्या घागरी

एका डोंगराच्या उतारावर एक नगर वसलं होतं आणि त्या नगराला आपल्या कारंज्याचा भारी अभिमान होता. कारंजं होतंच तसं. राजवाड्यासमोरच्या चौकात काळ्या दगडाचं मोठं कुंड होतं. त्या कुंडातून पाण्याची धार उसळायची ती पार ताडाच्या शेंड्याएवढी वर जायची. वर जाऊन फुटायची, तुषार उडायचे, उन्हात इंद्रधनुष्य दिसायचं. परगावचा पाहुणा आला की राजा त्याला आधी कारंजं दाखवायचा आणि मग जेवायला पाटावर बसवायचा.

नगराला पाणी यायचं डोंगरातल्या तलावातून. तलावातून माथ्यावरच्या हौदात आणि हौदातून मातीच्या भाजक्या नळांनी खाली घरोघर. हे खापरी नळ राजाच्या आजोबांनी जमिनीखाली पुरले होते. कारंजं त्याच्या वडिलांनी बांधलं. राजाने दोन्ही सांभाळलं असं लोक म्हणत, पण खरं सांगायचं तर त्याने सांभाळलं ते कारंजं. जमिनीखालचे नळ कुणाच्या डोळ्यांना दिसतात?

एका वर्षी उन्हाळा कडक पडला. विहिरी आटल्या. वरच्या मजल्यांवरचे नळ कोरडे झाले, खालच्या मजल्यांवर करंगळीएवढी धार येऊ लागली. बाजारपेठेत बायका हंड्यावरून भांडू लागल्या. राजाने दरबार भरवला.

"तलाव भरलेला आहे. हौद काठोकाठ आहे. मग घरात पाणी का नाही?" राजा कडाडला. "कुठेतरी पाणी मुरतंय!"

नगराच्या पाण्याची जबाबदारी एका तरुण कारभाऱ्याकडे होती. तो शिकलेला होता, कामाला चोख होता, मनाने सरळ होता. त्याची एकच अडचण होती. मोठ्या माणसांपुढे त्याचा आवाज बसायचा.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "हौदातून सुटलेल्या पाण्यातलं निम्मं पाणी घरापर्यंत पोचतच नाही. वाटेतच गळून जातं. नगरातले रस्ते उकरून नळ पाहावे लागतील."

"रस्ते उकरायचे?" दिवाण मध्येच बोलले. "पेठेतले व्यापारी डोक्यावर बसतील आपल्या. मी सांगतो कुठून सुरुवात करायची. वेशीबाहेर दोरकऱ्यांच्या वस्तीजवळ नळ फुटलाय. दिवसरात्र पाणी वाहतंय आणि ते लोक खुशाल भरून नेतात. चोरी ती चोरी, वर नासाडी. ते भोक आधी बुजवा. वेशीबाहेर कोण ओरडणार आहे?"

कारभाऱ्याने बोलायला तोंड उघडलं, पण आवाज बसला. "जी," एवढंच तो म्हणाला. आणि ठरलं.

वेशीबाहेर ओरडणारी एक होती. तिचं नाव धुरपा.

धुरपाचे लोक दोर वळायचे. अंबाडीच्या सालीचा वाख पाण्यात भिजत घालायचा, झोडपायचा, पिंजायचा आणि मग मांडीवर वळत वळत त्याचा दोर करायचा, हे त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं काम. नगरातल्या प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक गोठ्यात, प्रत्येक बैलगाडीला त्यांचाच दोर होता. दोर वेशीतून आत जायचा. दोर वळणाऱ्यांना मात्र वेशीबाहेर घर, आणि वेशीबाहेर नळ देण्याचा रिवाज नाही, असं नगर म्हणायचं.

नळ त्यांच्या दारावरून जात होता, तो राजबागेतल्या आंब्यांना पाणी पाजायला. धुरपा लहान होती तेव्हाच कधीतरी तो फुटला आणि तिथं एक डबकं साठलं. वस्तीतली माणसं ते पाणी प्यायची, त्यातच वाख भिजवायची, गुरंही त्यातच तोंड घालायची. धुरपाने चारदा वेशीवर जाऊन तोटी मागितली होती. शेवटची खेप मागच्या उन्हाळ्यातली. तेव्हा तिची लेक हगवणीने निपचित पडली होती. पहारेकऱ्याने तिला दुपारभर उन्हात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी परत पाठवलं. ती घरी पोचली तेव्हा लेक गेली होती.

तेव्हापासून धुरपा वेशीवर मागायला गेली नव्हती.

त्या सकाळी ती डबक्यावर घागर भरत होती, तेवढ्यात कारभारी आला. बरोबर गवंडी होते, चुन्याच्या पाट्या होत्या आणि काठ्या घेतलेले शिपाई होते.

"बाई, बाजूला व्हा," कारभारी म्हणाला. "ही गळती बुजवायची आहे."

"कुठली गळती?"

"ही काय, तुमच्या पायाशी."

"ही गळती न्हाई, कारभारी. ही आमची विहीर हाय."

गवंडी हसले. धुरपा हसली नाही. तिने घागर खाली ठेवली आणि विचारलं, "ह्यो नळ कुठं जातो?"

"राजबागेत. आंब्यांना."

"म्हंजे आंबा प्याला तर पानी कामी आलं, आन् आमी प्यालो तर वाया गेलं. हे कुनी ठरिवलं?"

कारभाऱ्याने इकडंतिकडं पाहिलं. "हे पाणी चांगलं नाही, बाई. डबक्यातलं पाणी पिऊन माणसं दगावतील."

"दगावतील काय? दगावली. माझी लेक ह्याच पान्यानं गेली." धुरपाचा आवाज चढला नाही, पण गवंड्यांचं हसू विरलं. "बुजवा की भोक. चुना मी सवता मळून देते. पर आधी हितं एक तोटी बसवा. तोटी आधी, चुना मंग."

"मी वर शब्द टाकून बघतो."

"शब्द पिता येत न्हाई."

असं म्हणून ती चिखलातून गेली आणि फुटक्या नळावर फतकल मारून बसली. तिच्या लुगड्याखालून पाणी वाहत राहिलं. वस्तीतली माणसं गोळा झाली, पण लांबच उभी राहिली. कारभाऱ्याने दोनदा विनवलं. मग त्याने मान फिरवली आणि शिपायांनी तिला दंडाला धरून उचललं. गवंड्यांनी खापरीचा नवा तुकडा बसवला, वरून चुना थापला, त्यावर दगड रचले. दुपारपर्यंत डबकं आटलं. संध्याकाळी पोरं तळातल्या ओल्या मातीत बोटं घालून बसली होती.

जाताना कारभाऱ्याने एकदाच मागे वळून पाहिलं. धुरपा त्याच्याकडेच बघत होती.

त्यानंतर वस्तीतल्या बायका कोरड्या नदीत जाऊन वाळूत खड्डे खणू लागल्या. खड्ड्यात वाटीभर पाणी साचायला अर्धी सकाळ जायची. वाख भिजवायला पाणी नाही म्हणून दोराचं काम थांबलं. म्हातारी माणसं ओठ चाटत सावलीला पडून राहू लागली.

आणि नगरात पाणी आलं का? नाही आलं. वस्तीचा म्होरक्या म्हादबा उरलेले दोर विकायला बाजारात गेला होता, तो डोळे विस्फारून परत आला.

"पेठेत नळ फुटला," तो म्हणाला. "धान्याच्या कोठारात पानी शिरलं. पोतीच्या पोती भिजली."

पेठेतला नळ कारभाऱ्याने बुजवला. लगेच सराफांच्या गल्लीत जमीन खचली आणि तिथून पाणी उसळलं. ते बुजवलं, तर देवळामागे तसंच झालं. जिथं तिथं उकरलेले रस्ते, जिथं तिथं चिखल, आणि नळाला धार करंगळीएवढीच. एक कारंजं मात्र ताडाएवढं उडत होतं.

एके दुपारी कारभारी एकटाच वस्तीवर आला. शिपाई नाहीत, पागोटं नाही, पाय चिखलाने भरलेले. तो धुरपाच्या दारासमोर उभा राहिला.

"तुमचं भोक बुजवून नगराला काहीच मिळालं नाही," तो म्हणाला. "मला आता कळलंय काय होतंय ते."

धुरपा वाखाची जुडी सोडवत होती. तिने वर पाहिलं नाही. "काय हुतंय?"

"कारंजं उंच उडावं म्हणून माथ्यावरचा हौद कायम काठोकाठ ठेवावा लागतो. त्या सगळ्या पाण्याचं ओझं नळांवर पडतं. नळ जुने, ठिसूळ. एका जागी बुजवलं की ते दुसऱ्या जागी फुटतात. हौदातली पातळी जरा खाली आणली, तर निम्मी गळती आपोआप थांबेल. कारंज्याला जाणारं पाणी घरांकडे वळेल. मग सवडीने एकेक गल्लीतले नळ बदलता येतील."

"मंग आना की खाली."

"कारंजं उडणार नाही. दिवाणांना नुसतं सांगायला गेलो तर ते म्हणाले, पुन्हा कारंज्याचं नाव काढलंस तर नोकरी जाईल."

आता धुरपाने वर पाहिलं. "हे मला का सांगता? मी काय करू? ज्यानला सांगायचं त्यानला सांगा."

"राजापुढे माझा आवाज बसतो, बाई."

"माझाबी बसला हुता," धुरपा म्हणाली. "लेक गेली तवा. म्या उठिवला त्याला. तुमचा तुमी उठवा."

कारभारी खाली मान घालून निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना धुरपाला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी वस्ती चिंचेखाली जमली. म्हादबा म्हणाला, "वेशीवर जाऊ. हात जोडू. राजा काय दगड न्हाई. रोज पखालभर पानी तरी देईल."

"हात जोडून झालं," धुरपा म्हणाली. "चारदा जोडले. उद्या हात मोकळे न्यायचे न्हाईत. परत्येकानं घागर घ्यायची. भर दिवसा, मोठ्या वेशीतनं, सरळ चौकात. कारंज्यावर पानी भरायचं."

चिंचेखाली एकदम सगळे बोलू लागले. मारतील. घरं जाळतील. दोर घेणं बंद करतील.

"करतील," धुरपा म्हणाली. "आन् न्हाई गेलो तर काय जगनार हाय का आपन? तहानेनं मरायचं ते लपून. मार खायचा तर चौकात खाऊ. बघू दे सगळ्या नगराला."

म्हादबाने कमरेवर हात टेकला. मग म्हणाला, "धुरपे, माझी पाठ म्हातारी हाय. दोन काठ्यांत मोडंल."

"मंग तुमी मागं रहा."

"मागं कशाला?" म्हादबा उठून उभा राहिला. "मोडायचीच हाय तर फुडं मोडू दे. एक घागर दे हिकडं, जुनी फुटकी नको, चांगली घासलेली."

दुसऱ्या दिवशी पेठ उघडल्यावर दोरकऱ्यांची रांग वेशीतून आत शिरली. बायका, पुरुष, म्हातारे, कडेवरची पोरं. प्रत्येकाजवळ घासून लखलखीत केलेली घागर.

"कुठे निघालात?" पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"पान्याला," धुरपा म्हणाली, आणि भाल्याखालून वाकून पुढे गेली. तिच्यामागून म्हादबा वाकला. मग त्याच्यामागून सगळेच. एवढ्या माणसांवर भाला कुठं कुठं आडवा धरणार? पहारेकरी ओरडत राहिला आणि रांग चालत राहिली.

दोन्ही बाजूंच्या माड्यांतून लोक वाकून बघत होते. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी दार आपटून बंद केलं. एका गल्लीतून खडा आला आणि धुरपाच्या घागरीवर टणकन वाजला. तिने घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि चालत राहिली.

चौकात कारंजं उडत होतं. धुरपाने ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर तुषार आले. थंड, गोड. एवढं स्वच्छ पाणी असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

"मागे हटा!" कुंडावरचा शिपाई धावत आला. "हे पाणी शोभेचं आहे. पिण्याचं नाही."

"तहान लागली की दोनीतला फरक कळत न्हाई," धुरपा म्हणाली, आणि तिने घागर कुंडात बुडवली.

बुडबुड आवाज करत घागर भरली. तिने ती बाहेर काढून काठावर ठेवली, ओंजळीने पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत प्यायली. मग म्हादबाने घागर बुडवली. मग रांगेतल्या प्रत्येकाने. "कुंड बाटवलं!" असं गर्दीतून कुणीतरी किंचाळलं. तेवढ्यात पेठेतली एक लठ्ठशी तेलीण हंडा घेऊन गर्दीतून वाट काढत आली.

"बाटलं तर बाटलं," ती म्हणाली. "माझ्या नळाला पंधरवडा झाला थेंब नाही. सरक गं जरा, मलाही भरू दे." आणि ती धुरपाच्या शेजारी वाकली. तिच्यामागून आणखी चार बायका हंडे घेऊन आल्या.

गलका ऐकून राजा वाड्याच्या पायऱ्या उतरून खाली आला. मागे दिवाण होते. त्यांच्या मागे, गर्दीच्या कडेला, कारभारी.

"हेच ते लोक, महाराज," दिवाण म्हणाले. "वेशीबाहेर पाणी चोरत होते. तिथलं बंद केलं तर इथवर आले."

"कोण आहेस तू?" राजाने धुरपाला विचारलं.

"धुरपा. दोर वळते. तुमच्या विहिरीवरचा दोरबी आमचाच हाय."

"माझ्या कारंज्यावर पाणी भरायचं धाडस कुणी दिलं तुला?"

"तहानेनं दिलं, महाराज. तुमचा नळ माझ्या दारावरनं जातो. तुमच्या आंब्याला तोटी हाय. माझ्या लेकीला नव्हती."

राजा अगदीच वाईट नव्हता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं. उद्यापासून तुमच्या वस्तीला रोज पखालीने पाणी पाठवतो. आता जा."

"नको," धुरपा म्हणाली. "आज पखाल यील. उद्या पखालवाला रुसंल. परवा दिवाणजी रुसतील. आमाला नळ पायजे."

राजाच्या कपाळावर आठी चढली. तो दोन पायऱ्या खाली आला आणि आवाज उतरवून फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐक. तुझ्या घरापुढे तोटी बसवून देतो. पितळेची. तुझी एकटीची. तुझी माणसं घेऊन मुकाट्याने परत जा, आणि हे प्रकरण मिटव."

घरापुढे तोटी. नदीतल्या वाळूत खणायला नको. चुलीजवळ भरलेला रांजण. तिने डोळे मिटले आणि क्षणभर तिला खरंच त्या तोटीखाली धरलेले आपले हात दिसले. मग तिने डोळे उघडले. म्हादबा तिच्याकडे पाहत होता. त्याने ऐकलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. त्याने नजर खाली वळवली. तिला लाजवायचं नव्हतं त्याला.

"महाराज," धुरपा मोठ्याने म्हणाली, सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी, "तुमी मला एकटीला तोटी देताय. मला एकटीला तहान लागत न्हाई. सगळ्या वस्तीला तोटी द्या, न्हाईतर मलाबी नको."

गर्दीत कुजबुज उठली. राजाचा चेहरा लाल झाला. "उपकार कळत नाहीत तुम्हाला! निम्म्या नगराचं पाणी पिऊन बसलात तुम्ही, आणि वर..."

"आमी प्यालो? आमचं भोक तर बुजिवलं. मंग आलं का पानी नगराला? ईचारा तुमच्या कारभाऱ्याला!"

सगळ्यांच्या माना कारभाऱ्याकडे वळल्या. दिवाणांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. कारभाऱ्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. धुरपा बघत राहिली. बोल की रे, ती मनात म्हणाली. बोल.

"नाही आलं, महाराज," कारभारी म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "आणि येणारही नाही. मी चुकीच्या जागी चुना लावला. गळती वेशीबाहेर नव्हती. ती इथं आहे." त्याने हात उचलून कारंज्याकडे बोट दाखवलं. "हे उंच उडावं म्हणून हौद काठोकाठ ठेवतो आपण, आणि त्या ओझ्याने सगळ्या नगरातले नळ फुटतात. जे पाणी वाया गेलं त्यातलं फक्त एकाच जागचं पाणी माणसाच्या तोंडी लागत होतं. ते या बाईच्या दारचं. तेवढंच आपण बंद केलं."

"गप्प बस!" दिवाण ओरडले.

"आता नाही गप्प बसत," कारभारी म्हणाला, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

राजाने पायरीवर पाय आपटला. भर चौकात एका दोरकरणीने आणि त्याच्याच चाकराने त्याच्या वडिलांच्या कारंज्याला नावं ठेवली होती. "बंद करा कारंजं!" तो गरजला. "आत्ताच्या आत्ता! बघू मग या घागरी कशा भरतात ते!"

कारभारी स्वतः माथ्यावर धावत गेला. त्याने कारंज्याकडे जाणारा नळ बंद केला आणि तलावातून हौदात पाणी सोडणारा दरवाजा उतरवून हौदातली पातळीही खाली आणली. इकडे चौकात धार झुकली, खुजी झाली, एकदा उचकी दिल्यासारखी उडाली आणि कुंडात बसली. इतकी वर्षं त्या आवाजाची सवय झालेल्या लोकांना कानात बोळे घातल्यासारखं वाटलं.

"आता जा," राजा म्हणाला.

कुणी गेलं नाही. धुरपा कुंडाच्या काठावर बसली. म्हादबा तिच्या शेजारी बसला. तेलीणही हंडा टेकवून बसली. ऊन चढलं, फरशी तापली, पोरं रडू लागली. शिपाई काठ्या घेऊन उभे होते आणि राजाच्या तोंडाकडे बघत होते. मारा म्हणणं सोपं होतं, पण बसलेल्यांत आता अर्धी पेठ होती.

आणि मग सराफांच्या गल्लीतून एक बाई ओरडली, "आलं! अगं, वरच्या मजल्यावर आलं!"

दुसऱ्या खिडकीतून हाक आली. मग तिसऱ्या. पेठेतून पोरं धावत आली, त्यांचे हातपाय ओले होते. "नळ आला! मोठा आला!" उकरलेल्या रस्त्यांत उसळणारे झरे बारीक झाले होते, काही बंदच पडले होते. एक शिपाई काठी खाली ठेवून म्हणाला, "माझं घर तिकडेच आहे," आणि कुणाची परवानगी न घेता पळत सुटला.

राजा ऐकत उभा राहिला. त्याने रागाने दिलेल्या हुकमाने सगळ्या नगराची तहान भागत होती. आता तो हुकूम मागे घ्यायचा तर कुठल्या तोंडाने? तो बराच वेळ कोरड्या कारंज्याकडे पाहत होता. मग पायरीवरच बसला, आणि तिथं बसलेला राजा नगराने पहिल्यांदाच पाहिला.

"पुढे काय करायचं?" त्याने परत आलेल्या कारभाऱ्याला विचारलं.

कारभारी बोलायच्या आधी धुरपा बोलली. "आधी तोटी. मंग बाकीचं."

"वेशीबाहेर नळ द्यायचा रिवाज नाही," दिवाण पुटपुटले.

"मग आजपासून आहे," राजा म्हणाला. त्याचा स्वर थकलेला होता, गोड नव्हता. त्याने धुरपाकडे पाहिलं नाही. धुरपालाही त्याच्या कौतुकाची गरज नव्हती. तिने घागर डोक्यावर घेतली, पोरांना हाका मारल्या, आणि सगळी रांग आली तशीच मोठ्या वेशीतून परत गेली. घागरी भरलेल्या होत्या. पहारेकऱ्याने या वेळी भाला बाजूला घेतला.

वेशीबाहेरचा नळ गवंड्यांनी पुन्हा उकरला आणि वस्तीच्या मधोमध दगडी ओटा बांधून त्यात पितळी तोट्या बसवल्या. त्यानंतर कारभाऱ्याने एकेक गल्ली हातात घेतली आणि जुने नळ काढून नवे घातले. ते काम वर्षानुवर्षं चाललं. व्यापारी ओरडले, कारभाऱ्याने त्यांना ओरडू दिलं. कारंजं पुन्हा सुरू झालं ते फक्त सणाला, आणि तेही गुडघ्याएवढं. काही लोक जुन्या दिवसांच्या आठवणी काढून हळहळत, पण वरच्या मजल्यावर राहणारे हळहळत नव्हते.

पहिल्या दिवशी वस्तीच्या ओट्यावर दिवाण स्वतः आले होते. राजाने पाठवलं म्हणून आले होते. तोंड कडू होतं.

"या लोकांना तोटी दिलीत खरी," ते कारभाऱ्याला म्हणाले, "पण बघाल तुम्ही. रात्रंदिवस उघडी टाकतील. पाण्याची किंमत यांना काय ठाऊक?"

धुरपाने ते ऐकलं. तिने तोटी उघडली. स्वच्छ पाणी आलं. तिने घागर धरली, भरू दिली, मग हाताने तोटी फिरवली आणि घट्ट बंद केली. धार थांबली. एक थेंबही खाली पडला नाही. तिने तोटीखाली तळहात धरून खात्री केली आणि कोरडा तळहात दिवाणांपुढे केला.

"दिवाणजी," ती म्हणाली, "फुटक्या नळाला बंद करायची चावीच नव्हती, तर बंद करनार कशी? आता चावी माझ्या हातात हाय. आता बघा पानी कसं राखतात ते."

ती घागर घेऊन घराकडे वळली. मागे बायकांची रांग लागली होती. प्रत्येक बाई तोटी उघडत होती, भरत होती आणि बंद करत होती. पोरांनाही बंद करून बघायचं होतं, आणि कोण आधी बंद करणार यावरून त्यांची भांडणं चालली होती.

तात्पर्य काय, तर नासाडी थांबवायची असेल तर हात आधी थाटामाटाला घालावा, तहानलेल्याच्या घागरीला नव्हे. आणि आपल्या तोंडच्या पाण्याला कुणी गळती म्हणू लागलं, तर घरात बसून झुरू नये. घागर घासावी, आणि भर दिवसा चौकात जावं.